ममत्वाची चव

आपल्या हाताने लावलेल्या झाडाचे फळ अधिक गोड लागते, हे विधान सर्वांना मान्य आहे. सर्वांना मान्य असलेल्या विधानांकडे जरा संशयाने पाहावे, ही खोड मला वर्गात शिकवता शिकवता लागली. गोड लागते ते नेमके काय? फळ, की ‘आपल्या हाताने’ हे दोन शब्द? फराळाच्या ताटावर बसून एवढ्याशा गोष्टीचा कीस कशाला काढायचा, असे कुणी म्हणेल. पण घर, भाषा, गाव, देश या साऱ्यांची गोडी आणि त्यांवरून होणारी भांडणे याच ‘आपल्या’ शब्दातून निघतात. तेव्हा विचाराला टोमॅटोपासून आरंभ केलेला बरा.

आमचे घर माजिवड्याला, आणि शेत म्हणावे तर गॅलरीतल्या पाच कुंड्या. गणपती गेले की बी पेरायचे, नवरात्रात रोपे कुंडीत लावायची, दिवाळीच्या पणत्या लागतात तेव्हा पहिली पिवळी फुले दिसतात. ऑक्टोबरचा उकाडा लांबला तर तीच फुले फळ न धरता गळून पडतात. टोमॅटोचे फूल आपल्याच परागाने फळते. त्याला फक्त कुणी तरी हलवावे लागते. उघड्या शेतात ते काम वारा आणि मधमाश्या करतात, चौथ्या मजल्यावर मी करते. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी प्रत्येक फांदीला हलकी टिचकी मारायची. पाणी एक दिवस फार आणि दोन दिवस मुळीच नाही असे झाले, तर फळाचे बूड काळे पडते. एवढे सगळे सांभाळून नाताळच्या सुमारास पहिला टोमॅटो लाल होतो. तो उन्हाने कोमट असतानाच चिरावा, वर नुसते मीठ घालावे. वऱ्हाडातली माझी जाऊ त्याला भेदरे म्हणते आणि तव्यावर भाजून त्याची चटणी करते. वाद कशाचा करायचा तर या दोहोंत श्रेष्ठ कोणते याचाच करता येईल.

ही गोडी खरी आहे का, हे पाहण्यासाठी मी एकदा घरात परीक्षाच घेतली. दोन वाट्यांत फोडी ठेवल्या, एकीत घरच्या आणि दुसरीत बाजारच्या, आणि कोणती कुठली ते सांगितले नाही. मुलाने आणि त्याच्या वडिलांनी घरची वाटी अचूक ओळखली. सासूबाईंनी मात्र बाजारची फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “अगं, घरचं ते घरचंच!”

मला वाटते, या परीक्षेत तिघेही उत्तीर्ण झाले. बापलेकांच्या बाजूने शास्त्र उभे आहे. दूरच्या बाजारात जाणारा टोमॅटो रंग फिरू लागताच, कडक असतानाच खुडतात, नाही तर वाटेत त्याचा लगदा होईल. पुढची लाली तो क्रेटमध्ये आणि रस्त्यावर चढवतो. झाडावर पुरता पिकलेल्या फळाला जे मिळते, ते सगळे त्याला मिळत नाही. शिवाय फळ सगळीकडून सारखे लाल व्हावे म्हणून सुमारे सत्तर वर्षे वाणांची जी निवड होत गेली, तिच्यात अनेक व्यापारी वाणांतला फळाची साखर वाढवणारा एक जनुकच निकामी झाला, असे शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले. आपण रूप मागितले, रूप मिळाले. किंमत चवीने भरली.

सासूबाईंच्या बाजूने उभे आहे ते ममत्व. त्यांना जे गोड लागले ते फळ नव्हते, तीन महिन्यांची वाट पाहणे होते. आता प्रश्न असा की, हे ममत्व चांगले की वाईट? आपल्या संतांनी ‘मी’ आणि ‘माझे’ सोडायला सांगितले. परंतु त्याच संतमंडळीत तेराव्या शतकातले अरणचे सावता माळी आहेत. त्यांच्या मळ्यात टोमॅटो नव्हता; मुळात अमेरिका खंडातले हे फळ पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले ते पुढे काही शतकांनी. पण मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला, आणि मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. त्यांचे मळ्यावरचे ममत्व कुंपणाशी थांबले नाही, म्हणून ते भक्ती ठरले. ममत्वाची परीक्षा इथेच आहे: ते कुंपण घालते की कुंपण ओलांडते?

आमच्या गॅलरीतून माजिवड्याचा नाका दिसतो. नाशिककडून मुंबईत शिरणारा पुष्कळसा माल या नाक्यावरून जातो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, कुठे कुठे दोनशेला भिडला, तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. शेतकऱ्यांची चंगळ आहे, असेही लोक म्हणाले. सप्टेंबरात नाशिककडच्या बाजारांत तोच टोमॅटो किलोला तीन ते पाच रुपयांवर आला. काहींनी तो रस्त्यावर ओतला, काहींनी उभ्या पिकात जनावरे सोडली. त्या दिवसांत जिना शांत होता. स्वस्ताईची चर्चा कोण करतो?

मला मात्र रस्त्यावर ओतलेल्या त्या टोमॅटोंचे छायाचित्र पाहवेना. याचे कारण मी इतरांहून दयाळू आहे असे नाही. एका फुलाचे फळ व्हायला किती सकाळी लागतात, हे मला माझ्या बोटांनी ठाऊक झाले होते. पाच कुंड्यांनी मला दिले ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

मात्र एक भान ठेवले पाहिजे. हल्ली कुंडीत चार फळे आली की माणूस स्वतःला शेतकरी म्हणवतो, आता बाजाराची गरज काय, असे विचारतो. गरज आहे. माझे झाड करपले तर त्या दिवशी कोशिंबीर काकडीची होते. जुन्नरच्या किंवा निफाडच्या शेतात झाड करपले तर मुलीची फी राहते, सोसायटीचे कर्ज थकते. माझा टोमॅटो हौस आहे, त्यांचा टोमॅटो पोट आहे. हौसेला पोटाच्या पंगतीत बसवणे हा उर्मटपणा होय. घरच्या टोमॅटोने आपण स्वावलंबी होत नाही. आपण किती जणांवर अवलंबून आहोत, ते तेवढे कळते.

तेव्हा ममत्वाची चव खुशाल चाखावी. पहिला टोमॅटो घरच्यांनी वाटून खावा, दुसरा शेजारी द्यावा. आणि भाजीवाल्या मावशींशी आठ आण्यांची घासाघीस करणारी जीभ त्या चवीने जरा अडखळली, तर पीक चांगले आले असे समजावे.