उरलेला अर्धा दिवस कुणाचा?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत शाखा, कट-ऑफ आणि कॉलेजचं नाव यांवर महिनाभर खल चालतो. सत्र सकाळचं घ्यायचं की दुपारचं, हा प्रश्न निघतो तो अगदी शेवटी आणि सुटतो तो झोपेच्या सवयीवर. लवकर उठणारा सकाळी, झोपाळू दुपारी. आपल्याकडे पहाटे उठण्याला पुण्यही चिकटलेलं असल्यामुळे सकाळचं सत्र घेणारा मुलगा शिस्तीचा आणि दुपारचं घेणारा ऐदी, असा निवाडाही परस्पर होऊन जातो.

झोपेचं शास्त्र हा निवाडा मान्य करत नाही. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं आणि हा उशीर विशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात उच्च माध्यमिक शाळांसाठी २०२२ पासून तसा कायदाच लागू झाला. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. त्या लहानग्यांना नऊच्या आधी शाळा नको, हे चांगलंच झालं. मात्र ज्या वयात सकाळी डोळे उघडणं खरोखर जड जातं, त्या वयाच्या मुलांची पहिली लेक्चर्स सातच्या ठोक्याला लागतात. जानेवारीत मुंबईत तेव्हा सूर्यसुद्धा उगवलेला नसतो.

एवढ्यावर थांबलं तर दुपारचं सत्र जिंकलं. पण नऊपर्यंत झोपायला घरात तशी जागा आणि शांतता लागते. एका खोलीच्या घरात पाच वाजता नळाला पाणी येतं, स्टोव्ह पेटतो, वडील पहिल्या पाळीला निघतात; तिथे मेलाटोनिनचं कोण ऐकणार? माझ्या मते सत्राची निवड ही झोपेची निवड नाहीच. कॉलेज अर्धा दिवस घेतं. उरलेला अर्धा कुणाच्या ताब्यात जाणार, हे त्या निवडीत ठरतं.

हे ज्यांनी नेमकं ओळखलं होतं त्यांच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झालं, ते सकाळचं. विद्यार्थ्याने तास आटोपून नोकरीवर जावं, पोटाला मिळवावं आणि पदवीही घ्यावी, हा हिशेब त्यामागे होता. त्याआधी जवळजवळ शतकभर, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, कारण त्यांचा दिवस आधीच दुसऱ्याला विकला गेलेला होता. सिद्धार्थच्या पाठोपाठ १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला कॉलेज काढून ‘कमवा व शिका’ची वाट घातली. तिन्ही ठिकाणी वेळापत्रक विद्यार्थ्याच्या दिवसाकडे पाहून आखलं गेलं होतं.

आजचं सकाळचं सत्र बऱ्याच ठिकाणी इमारतीकडे पाहून आखलेलं असतं. एकाच वास्तूत सकाळी कनिष्ठ आणि दुपारी वरिष्ठ महाविद्यालय, किंवा उलट. वर्गखोल्या मोजक्या, तुकड्या वाढत्या. त्यात संस्थेचा फार दोष नाही, पण मग ‘विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी’ असं माहितीपत्रकात छापू नये. अकरावी-बारावी विज्ञानाला तर सकाळ-दुपार हा भेद खासगी क्लासच ठरवतात. कॉलेजात नाव, क्लासमध्ये मुलगा! २०१८ मध्ये सरकारने काही विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच दुखण्यावर. प्राध्यापकांचंही तेच. तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्यात धावत असतो. त्याला गाठून शंका विचारायची तर फाटकाबाहेर, त्याची मोटारसायकल सुरू व्हायच्या आत.

तरीही कमावणाऱ्या मुलासाठी सकाळच्या सत्राला तोड नाही, हे मान्य करावंच लागतं. सीएची आर्टिकलशिप करणारी वाणिज्य शाखेची मुलं, दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी, दुपारी घरोघर पार्सलं पोचवणारी मुलं, ही सगळी त्याच भरवशावर पदवी घेतात. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातही तास सकाळचे. वकिली करणाऱ्यांना शिकवता यावं आणि शिकणाऱ्यांना दुपारी कोर्टात जाता यावं, असा त्याचा उपयोग होत आला आहे. संध्याकाळचा पर्याय विधी शाखेत आता जवळपास मिटला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी निवासी नसलेल्या संस्थांना सकाळी आठ ते संध्याकाळी सात ही चौकट घालून दिली. शिक्षणाचा दर्जा हे कारण असेल, पण दिवसभर नोकरी करून रात्री कायदा शिकणाऱ्या कारकुनाची वाट त्यामुळे बंद झाली.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. आईवडील बहुधा सकाळचं सत्र सुचवतात: अंधार पडायच्या आत पोरगी घरी. पण दुपारच्या सत्राची मुलगी घरून निघते तेव्हा केर, पोळ्या, धाकट्याचा डबा, पाणी भरणं, सगळं तिच्या हातून झालेलं असतं. साडेअकराच्या तासाला ती बसते ती दिवसाची एक पाळी संपवून. सकाळच्या सत्राची मुलगी या कामांची वाटणी व्हायच्या आत घराबाहेर पडते. बारा वाजता परतल्यावर भांडी वाट पाहत असतातच, पण निदान डोकं ताजं असतानाचे चार तास तिने स्वतःसाठी वापरलेले असतात. म्हणून घरकाम जिच्या माथी आहे, त्या मुलीने जमत असेल तर सकाळच घ्यावी, असं माझं मत आहे. सुरक्षिततेचं कारण घरच्यांना सांगायला बरं. खरा फायदा हा आहे.

‘जमत असेल तर’ म्हटलं, कारण तालुक्याच्या ठिकाणी हे एसटी ठरवते. गावात मुक्कामी गाडी असेल तर ती पहाटे निघते आणि सातचं कॉलेज गाठता येतं. मुक्कामी गाडी नसेल तर पहिली गाडी येईपर्यंत दोन तास बुडालेले असतात. मासिक पासात सवलत आहे, पण पास खिशात असून गाडी वेळेवर नसेल तर त्या सवलतीचं करायचं काय? २०२१-२२ च्या लांबलेल्या एसटी संपात कितीतरी गावांना हे कळून चुकलं. अशा गावच्या मुलीपुढे सकाळ की दुपार हा प्रश्नच नसतो. गाडी आहे की नाही, एवढंच.

दुपारच्या सत्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. सकाळच्या मुलांना तास मिळतात, कॉलेज मिळत नाही. साडेदहा-अकराला वर्ग सुटले की ती पांगतात. एकांकिकांच्या तालमी, जिमखाना, वाङ्मय मंडळ, कॅन्टीनमधले वाद, सारं दुपारनंतर रंगतं. ग्रंथालयाची खिडकी उघडते तोवर कमावणारा मुलगा कामावर हजर झालेला असतो. म्हणजे ज्याच्या घरी पुस्तकं नाहीत, त्याच्याच वाट्याला ग्रंथालय येत नाही. सकाळचं सत्र गरिबाला सोयीचं म्हणायचं आणि कॉलेजातलं उत्तम ते सगळं दुपारी ठेवायचं, हा अन्याय इतका अंगवळणी पडला आहे की कुणाला तो दिसतही नाही. सत्र सातला सुरू होत असेल तर ग्रंथालयही सातला उघडावं. कर्मचारी वाढतील, खर्च होईल; त्यासाठी एखादं वार्षिक स्नेहसंमेलन साधेपणाने झालं तरी चालेल.

आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचं काय? दर सत्राअखेर डिफॉल्टरांची यादी लागते, पालकांना बोलावणं जातं, मुलं खोटी वैद्यकीय प्रमाणपत्रं आणतात आणि प्राचार्य ती खोटी आहेत हे ठाऊक असून ठेवून घेतात. या यादीत आळशी मुलं असतात, नाही असं नाही. पण फलकावर लावण्याआधी ती एकदा सत्रानुसार आणि गावानुसार लावून पाहावी. नावं कोणत्या तासाला, कोणत्या रस्त्यावर दाटतात ते पाहावं आणि त्याप्रमाणे पुढच्या वर्षीचा पहिला तास अर्ध्या तासाने सरकवावा, किंवा आगारप्रमुखाला पत्र लिहावं, किंवा सहामाहीनंतर सत्र बदलून द्यावं. कार्यालयातल्या कारकुनाला हे काम एका दुपारचं आहे. त्यासाठी कुठल्या समितीची गरज नाही.