हिशेब न मांडता समतेच्या बाता

खाली बस आणि नीट ऐक. टाळ्या पडल्या म्हणून भाषण खरं ठरत नाही. ‘पंचवीस लाख मिळवणाऱ्याकडून सरकार साडेसात लाख ओरबाडतं, म्हणून सगळ्यांना एकच दर लावा,’ असं तू छातीठोकपणे सांगितलंस. हिशेब एकदा तरी कागदावर मांडला होतास? 2025-26 च्या नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर शून्य, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, असं चढत चढत 24 लाखांपर्यंत 3 लाख कर होतो. 30 टक्के लागतात ते फक्त त्यावरच्या एका लाखाला. उपकर सोडला तर 3 लाख 30 हजार. तुझे साडेसात लाख आले कुठून? मोबाइलवर वाचलंस आणि पाठ केलंस!

सगळ्यांना सारखाच कर म्हणजे काय, ते जवळच बघ. रांजणगाव एमआयडीसी तुझ्या घरापासून किती लांब आहे रे? कारेगावात खोली घेऊन राहणारा, महिना 18 हजारांवर राबणारा कंत्राटी कामगार घे आणि त्याच्याच कंपनीतला महिना 3 लाख पगाराचा मॅनेजर घे. व्यवसाय कर दोघांनाही सारखाच: महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी 1975 साली आलेला हा कर. हेतू चांगलाच होता. पण राज्यघटनेनेच वर 2500 ची मर्यादा घातलेली, त्यामुळे मॅनेजरला तो जाणवतसुद्धा नाही.

आता तुझा सरसकट 10 टक्के दर लाव. ज्याला आज प्राप्तिकर शून्य आहे, त्या कामगाराचे महिन्याला 1800 गेले. उरलेल्यात खोलीभाडं, किराणा, गॅस, गावी आईबापांना पाठवायचे पैसे. मॅनेजरचे 30 हजार गेले तरी हातात 2 लाख 70 हजार. याला तू समता म्हणालास, आणि वर बाबासाहेबांचं नाव घेतलंस! त्याचा मला खरा संताप आला. 1 जानेवारी 1927 ला ते भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी येऊन गेले, एवढं तुला पाठ आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी काय सुनावलं, ते वाचलंस? प्राप्तिकर ऐपत पाहतो, ठरावीक उत्पन्नाखाली लागत नाही. शेतसारा मात्र एकरभर जमिनीच्या कुणब्याला आणि जहागीरदाराला एकाच दराने, हा अन्याय आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तू त्यांचं नाव घेऊन नेमकं उलट बोललास.

तुझ्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही. 1973-74 साली आपल्याकडे प्राप्तिकराचा वरचा दर अधिभारासकट 97.75 टक्क्यांवर गेला होता. इतका कर असला की माणूस उत्पन्न लपवणारच. रशियाने 2001 मध्ये 13 टक्क्यांचा एकच दर आणला आणि 2021 पासून श्रीमंतांसाठी वरचा टप्पा पुन्हा घातला. ठरावीक उत्पन्न माफ करून उरलेल्यावर एकच दर, अशीही मांडणी आहे. यातलं काहीही धरून भांडला असतास तर मी तुझी पाठ थोपटली असती.

कामगार आणि मॅनेजरच्या त्या दोन पगारांवर चढते टप्पे, सरसकट एकच दर आणि ठरावीक उत्पन्न माफ करून एकच दर, अशा तिन्ही पद्धतींनी वर्षाचा कर काढ. सोमवारी वही टेबलावर हवी. तोवर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत तुझं नाव जाणार नाही.