दुसरा डाव

गोरखीच्या दरवाजातून आत जाताना एक विचार हटकून मनात येतो. जयविलास १८७४ साली बांधून झाला. त्याआधी शिंद्यांचं राहणं इथेच होतं. पुढे त्याच आवारात कचेऱ्या आल्या, शाळा भरली. अटलबिहारी वाजपेयी त्या शाळेत शिकले. देवघर तेवढं जागच्या जागी राहिलं. पण महालाचं नशीब फिरलं, बिचाऱ्याला कचेरी व्हावं लागलं, असं ग्वाल्हेरीत कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माणसाबद्दल मात्र आपण असं खुशाल बोलतो. २४ फेब्रुवारी २०१० ला आमच्या गावच्या कॅप्टन रूपसिंह मैदानावर सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या. त्या रात्री बाड्यावर पेढे वाटत होते. गर्दीत एक जण म्हणाला, "याच्याबरोबर कसोटीत आलेला तो सलील अंकोला आठवतो? क्रिकेट संपलं म्हणून नट झाला." सगळे हसले. मीही हसलो. तो 'म्हणून' मला पुढे बरेच दिवस छळत राहिला.

अंकोला १९६८ साली सोलापुरात जन्मला, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच दोन भाषांच्या शिवेवरचा. महाराष्ट्राकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्याने हॅटट्रिक घेतली. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला तो आणि सचिन एकाच दिवशी पहिली कसोटी खेळायला उतरले. अंकोलाला त्या सामन्यात दोन बळी मिळाले आणि पुन्हा कसोटी कधी मिळाली नाही. वीस एकदिवसीय सामने झाले, १९९६ च्या विश्वचषकाच्या संघात नाव आलं. मग नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि १९९७ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, खेळ थांबला. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर चेंडूगणिक शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तोच पाय गेला.

पुढे 'कोरा कागज' ही मालिका, 'कुरुक्षेत्र', 'पिताह' हे चित्रपट आणि बऱ्याच वर्षांनी 'कर्मफल दाता शनी'तला सूर्यदेव. मध्ये दारूची वर्षं आली. ती त्याने स्वतः उघडपणे सांगितली आहेत. २०२० मध्ये तो मुंबईच्या निवड समितीचा प्रमुख झाला, २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीत गेला.

सचिन आणि अंकोला यांच्यात गुणांचा फरक होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हाडातली गाठ गुण पाहून येत नाही. ज्याचं शरीर चोवीस वर्षं टिकलं त्याच्या चिकाटीचे आपण गोडवे गातो आणि ज्याचं टिकलं नाही त्याने जणू काही कच्चं काम केलं, असा सूर लावतो. या हिशेबात कुठेतरी लबाडी आहे.

राहुल बोसकडे पाहावं. 'इंग्लिश, ऑगस्ट' १९९४ मधला. भारताकडून आंतरराष्ट्रीय रग्बी तो १९९८ पासून खेळला. नट असून रग्बीत हाडं मोडून घेतो याचं आपल्याला कौतुक वाटलं. आपल्याकडे रग्बीत पैसाही नव्हता, प्रसिद्धीही नव्हती. त्यामुळे ती निव्वळ हौस ठरली. अंकोलाचा अभिनय गरजेतून आला, म्हणून तो हलका! हौसेने केलेलं ते खरं आणि पोटासाठी केलेलं ते सोंग, हा न्याय जर लावायचा तर मग ग्वाल्हेरची आम्ही सगळीच मराठी घरं सोंगाडी ठरू. महादजींच्या फौजेमागून आलेल्यांची आम्ही नातवंडं-पणतवंडं. फौज गेली आणि आम्ही कारकून झालो, मास्तर झालो, वकील झालो, काही गवई निघाले. स्वधर्म सोडल्याचं पाप कोणी आमच्या माथी मारलं नाही. मात्र आम्हाला त्यासाठी शंभर-दीडशे वर्षं मिळाली. अंकोलाला हे सगळं वर्ष-दीड वर्षात करावं लागलं, आणि तेही लोक पाहत असताना.

आमच्या घरात नानाकाका होते. हॉकीत राइट-इन खेळत. रूपसिंहांचं नाव घेताना कानाला हात लावत. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर एकट्या रूपसिंहांनी दहा गोल चढवले, हे आम्हा मुलांना त्यांच्याकडूनच पाठ झालेलं. गुडघा कायमचा अधू झाल्यावर नाना गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करू लागले. बहुतेक म्हातारे, भिकारी, एखादा खलनायक. ते लंगडत विंगेतून आले की आम्ही पुढच्या रांगेत खिदळत असू. घरी नक्कलही करत असू. त्यांना ते ठाऊक होतं.

मोठेपणी मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, मैदानावर शेवटची दोन वर्षं हा पाय मी लपवत होतो. इथे दाखवला की लोक गप्प बसतात." मी लगेच विचारलं, म्हणजे नाटक जास्त आवडलं का? नाना काही बोलले नाहीत. रेडिओवर हॉकीचं समालोचन लागलं, की मात्र ते उठून अंगणात जाऊन बसत. सामना संपल्यावर आत येऊन विचारत, "किती झाले?"