26-28, कोलभाट लेन

निर्णयसागर छापखान्याची जुनी संस्कृत पोथी हाती आली, की आरंभीच्या पानांत बारीक अक्षरांत पत्ता आढळतो: 26-28, कोलभाट लेन, मुंबई. काही जुन्या प्रतींवर 23, कोलभाट लेन असाही आहे. काळबादेवीच्या एका गल्लीतला हा घरक्रमांक ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेच्या अंकांबरोबर जगभरच्या ग्रंथालयांत जाऊन बसला. मुंबईतल्या फार थोड्या इमारतींचा पत्ता इतक्या दूरवर गेला असेल.

तो छापला जाई कायद्याच्या सक्तीने. 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती. पण त्याच सक्तीमुळे दीडशे वर्षांच्या भारतीय मुद्रणाचा नकाशा पुस्तकांच्या पानांवर आपोआप उमटत गेला. कोणत्या गल्लीत काय छापले जात होते, मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे या एका ओळीतून कळते. निर्णयसागरच्या पुस्तकांवर जावजी दादाजींनंतर तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी आणि पुढे सत्यभामाबाई पांडुरंग अशी नावे येत गेली.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 चा. लहान वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, घासायच्या कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे सुधारत होते. त्या कामातूनच जावजींची नजर तयार झाली. 1864 मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल कारागीर त्यांच्यासोबत होता. निर्णयसागरचे वळण पुढे देवनागरीच्या सुबकपणाचे माप ठरले.

या अक्षरांविषयी आपण कौतुकाने बोलतो. ती ज्या खोल्यांत घडली त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलत नाही. छापखान्याची इमारत कामाच्या गरजांनी आकार घेते. यंत्रे जड, म्हणून ती तळमजल्यावर पक्क्या जमिनीवर. शिसे वितळवणारी भट्टी हवा खेळेल अशा जागी. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात कागद ओल धरतो, फुगतो आणि छपाई सरकते, म्हणून त्याला कोरडी खोली. खिळे जुळवणाऱ्याला उजेड हवा, म्हणून तो खिडकीपाशी.

इथे लिपीही वास्तूत शिरते. इंग्रजी मजकुराला वरची आणि खालची अशा दोन केसी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, पुरतात. देवनागरीत मात्र काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. त्यामुळे जुळारी अनेक केसींच्या मधोमध उभा राहतो आणि हात सतत दूरवर टाकतो. त्याला जागा जास्त लागते आणि श्रमही. मराठी छापखान्याची खोली अशी का होती, याचे उत्तर आपल्या बाराखडीत आहे. दर्शनी भागाच्या नक्षीवरून इमारतीचे मोल ठरवणाऱ्याला हे दिसणार नाही.

कामाच्या जागेचा हा विसर पुण्यातही दिसतो. तिथल्या नारायण पेठेतला गायकवाड वाडा टिळकांनी 1905 मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून घेतला. तो केसरी वाडा झाला आणि एका संस्थानिकाची वास्तू लोकांच्या वर्तमानपत्राचे घर बनली. टिळकांच्या वस्तू आणि पत्रे तिथे आदराने जपली आहेत, ते योग्यच आहे. पण तिथे आपण लेखकाला भेटायला जातो. त्याच्या लेखांचे खिळे जुळवणारे हात कुठे उभे राहत, हे विचारायची सवय आपल्याला नाही. लेखणी जपणारा समाज खिळा विसरत असेल, तर विचार लोकांपर्यंत पोचण्याचा अर्धा इतिहास त्याच्या हातून निसटतो.

याउलट बेल्जियममधल्या अँटवर्प शहराने 1876 मध्ये मोरेटस घराण्याकडून प्लांटिन या मुद्रकाचा जुना छापखाना घरासकट विकत घेतला. मालकाच्या दिवाणखान्याइतक्याच काळजीने तिथे खिळ्यांची खोली, भट्टी आणि 1600 च्या सुमाराची यंत्रे राखली आहेत. 2005 मध्ये ती वास्तू जागतिक वारसा ठरली. आपल्याकडेही मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. तिच्यातल्या नोंदींत आतल्या कामाची मांडणीही यायला हवी: यंत्र कुठे होते, उजेड कुठून येई, भट्टी कुठे पेटे.

आज हे तातडीचे आहे. 1867 चा कायदा आता रद्द झाला असून त्याच्या जागी आलेला 2023 चा कायदा नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्याच्या कक्षेत नाहीत. म्हणजे पुस्तकाच्या पानावर पत्ता छापण्याची ती जुनी सक्ती गेली. शिवाय बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या एखाद्या कचेरीत जुळवलेला मराठी मजकूर क्षणात कुठेही पोचतो आणि त्याच्यावर कोणत्याही गल्लीची खूण नसते. ही सोय मोठीच आहे. मात्र श्रमाचे ठिकाण नोंदवण्याची आयती व्यवस्था आता उरलेली नाही, म्हणून ती नोंद आपल्यालाच जाणूनबुजून ठेवावी लागेल.

त्याची सुरुवात अवघड नाही. जुन्या पुस्तकांवरचे पत्ते गोळा करून शहराच्या नकाशावर मांडता येतील. मग त्या घरांत जाऊन मोजमापे आणि छायाचित्रे घेता येतील, आणि खिळे जुळवलेली माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून खोल्यांची मांडणी समजून घेता येईल. मुद्रणाचे पदवी अभ्यासक्रम, वास्तुकलेची महाविद्यालये आणि ग्रंथसंग्रहालये यांनी मिळून करावे असे हे काम आहे. जावजींनी खिळे घासण्यापासून सुरुवात केली होती. त्यांच्या वारशाची नोंदही कामगाराच्या जागेपासूनच सुरू व्हायला हवी.