पाचवे शील आणि गावचा कायदा



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. मग जे शील माणसाने स्वतःहून घ्यायचे, ते कायद्याने लादावे काय?

शील लादता येत नाही, हे खरे. पण मद्याला पालीत प्रमादाचे 'ठाण' म्हटले आहे. मनातले ठाण ज्याचे त्याने उठवायचे. गावात मांडलेले ठाण उठवणे हे सर्वांचे काम आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2008 च्या आदेशाने हा अधिकार महिलांना दिला. 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली, तर परवान्याचे दुकान बंद होते. चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलालगतचे, मोहफुलांच्या मुलखातले गाव. अशा गावातली मोलकरी बाईही या मताची धनी आहे.

लेकराचा प्रश्न तर वादाचाच नाही. ज्याला अजून समज आलेली नाही, त्याचे स्वातंत्र्य पुढे करून त्याच्या हाती बाटली देणारा बाप कोणते स्वातंत्र्य जपतो? 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलाला दारू देणे किंवा त्याच्याकडून तिची ने-आण करवणे हा 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे.

पण जो व्यसनात पडला, त्याचे काय? 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक. तरी अल्प प्रमाणासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद त्यातही आहे. पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' अशा माणसांना आसरा देत आहे. उपचार घेऊन तो गावी परततो, तेव्हा मात्र आपण त्याला 'दारुड्या' म्हणूनच हाक मारतो. कायद्याने दाखवलेली दया आपल्या विहाराने दाखवू नये काय?

कोणी म्हणेल, असे केल्याने शील ढिले पडेल. तर मग आपण पंचशील पुन्हा पुन्हा का ग्रहण करतो? माणूस घसरतो आणि उठू शकतो, हे भगवंतांनी जाणले होते. अंगुलिमालालाही त्यांनी संघात जागा दिली.

म्हणून आडव्या बाटलीला मत अवश्य द्या. आणि पौर्णिमेच्या वंदनेला परतलेल्या भावासाठी पुढच्या ओळीत आसन मांडा.