सोपे आणि खोटे

गेल्या श्रावणात सोलापूरचे एक ख्रिस्ती स्नेही आमच्या सास्तूरला आले होते. बरोबर त्यांची सात वर्षांची मुलगी होती. पिशवीतून दोन पुस्तके काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना शिकवता, कादंबऱ्याही लिहिता. यांतले कोणते बायबल हिच्या हाती देऊ?"

एक जाडजूड, बारीक टाइपाचे. त्यातले शब्द मुलीला पेलणारे नव्हते. दुसरे मुलांसाठी गोष्टीरूप केलेले. त्यात नोहाच्या तारवातून हत्ती, उंट हसत डोकावत होते. मी दुसऱ्याकडे बोट दाखवणार, तोच मुलीने विचारले, "तारवात न बसलेली मुलं कुठं गेली?"

चित्रात खाली नुसते निळे पाणी होते.

"ती वाईट होती, बाळ," वडील म्हणाले.

उत्तर सोपे होते. पण मला एकदम १९९३ साल आठवले. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, धरणी हादरली. शाळेत माझ्या बाकावर बसणारा सोबती ढिगाऱ्याखाली गेला, मी वाचलो. पुढे कितीतरी दिवस मोठी माणसे म्हणत, 'पापाचा घडा भरला होता!' त्याचे एकच पाप मला ठाऊक होते. माझे खोडरबर त्याने परत केले नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवदाचे ओझे यांनी माणसे मारली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तोवर मनात देवाविषयी एक अढी बसून गेली होती.

मुलांसाठी ग्रंथ सोपा करावा, यात वाद नाही. पंडिता रमाबाईंनी तेच केले. प्रचलित मराठी बायबलची भाषा साध्या बायाबापड्यांना जड जाते, हे पाहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मुळावरून नवे भाषांतर केले. केडगावच्या मुक्तिसदनात स्त्रियांनीच खिळे जुळवले. १९२२ साली बाई वारल्या. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. तिथल्या कित्येकजणी दुष्काळातून वाचलेल्या. त्यांच्यासाठी बाईंनी शब्द सोपे केले, पण जलप्रलय वगळला नाही. मूळ कथेत माणसांची दुष्टाई आहे, तशी देवाच्या मनाला झालेली खंतही आहे. चित्रांच्या पुस्तकात दोन्ही नव्हते.

आमच्या आज्या चिलया बाळाची कथा सांगत. चांगुणा अतिथीसाठी आपल्याच लेकाला कांडते, हे त्यांनी आम्हां पोरांपासून कधी लपवले नाही. मात्र सांगताना त्यांचा आवाज कापे. त्या कापऱ्या आवाजानेच आमचे समाधान होई.

म्हणून मला वाटते, अवघड शब्द जरूर सोपा करावा, अवघड प्रश्न करू नये. प्रश्न सोपा करू गेले, की उत्तर खोटे होते. आणि त्या खोट्याचा भार अखेर जे मूल बुडाले, त्याच्याच माथी बसतो.

स्नेह्यांना मी चित्रांचेच पुस्तक घ्यायला सांगितले. मात्र वाचताना जाड ग्रंथ शेजारी उघडा ठेवा, म्हटले. मुलीला म्हणालो, "ती मुलं कुठं गेली, मलाही ठाऊक नाही, बेटा. माझाही एक सोबती असाच गेला."

ती काही बोलली नाही. पुस्तक मिटून माझ्याजवळ सरकून बसली.