दुष्कृत्याचा प्रतिकार आणि न्यायाची मर्यादा

सर्व गौरव त्या अल्लाहचा, जो उघड आणि गुप्त दोन्ही जाणतो, आणि दरूद व सलाम माननीय प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी शत्रूशीही न्यायानेच वागण्याची शिकवण दिली.



इंटरनेटवरून द्वेष व हिंसेचा प्रचार करणाऱ्या गटांविरुद्ध काही संगणकतज्ज्ञ स्वतःहून मोहीम उघडतात. ते स्वतःचे नाव लपवतात, या गटांची खाती व संकेतस्थळे बंद पाडतात, कधी त्यांत शिरून माहिती काढतात आणि ती जगजाहीर करतात. कोणत्याही शासनाने त्यांना नेमलेले नसते आणि कोणत्याही न्यायालयापुढे ते उत्तरदायी नसतात. संगणकशास्त्र शिकणारे आपले तरुण विचारतात, "इस्लामच्या नावावर रक्त सांडणाऱ्यांविरुद्ध असे काम केले तर त्यात सवाब आहे की नाही?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सावकाश, कुरआन व सुन्नतच्या प्रकाशात शोधले पाहिजे.

घटना काय सांगते?

१३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये दाइशच्या हल्लेखोरांनी १३० निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर 'अ‍ॅनॉनिमस' या नावाने वावरणाऱ्या हॅकर मंडळींनी दाइशविरुद्ध युद्ध पुकारल्याचे घोषित केले. त्याच वर्षी जानेवारीत 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावरील हल्ल्यानंतरही त्यांनी अशीच घोषणा केली होती. दाइश-समर्थक म्हणून हजारो ट्विटर खात्यांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या.

त्यांचा राग अनाठायी नव्हता. अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेच्या मार्च २०१५ च्या अभ्यासानुसार २०१४ च्या अखेरीस दाइशच्या समर्थकांची किमान ४६,००० ट्विटर खाती चालू होती. या विषाची झळ आपल्या महाराष्ट्रालाही लागली. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे निघून गेले, तेव्हा चार घरांवर काय कोसळले असेल, हे ज्याच्या घरात तरुण मुलगा आहे त्याला सांगावे लागत नाही.

परंतु त्या याद्यांचे पुढे काय झाले? ट्विटरच्या प्रवक्त्याने सांगितले की, या याद्या अत्यंत चुकीच्या आहेत. त्यांत प्राध्यापक आणि पत्रकारही आहेत. केवळ अरबी भाषेत लिहिणारी सामान्य माणसेही त्यांत ओढली गेल्याचे वृत्तपत्रांनी दाखवून दिले. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले, तेव्हाही इंटरनेटवरील हौशी शोधकर्त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच गुन्हेगार ठरवले. तो निर्दोष होता. त्याच्या शोधात आधीच होरपळणाऱ्या कुटुंबाला त्या दिवसांत शिव्याशापही सोसावे लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्याचा हेतू चोराला पकडण्याचाच असतो. पण म्हणून संन्याशाचा प्राण परत येत नाही.

हाताने रोखण्याचा अधिकार कोणाचा?

आपले तरुण एका प्रसिद्ध हदीसकडे बोट दाखवतात. सहीह मुस्लिममधील त्या हदीसचा आशय असा की, दुष्कृत्य दिसल्यास श्रद्धावंताने ते हाताने बदलावे. ते शक्य नसेल तर जिभेने. आणि तेही शक्य नसेल तर निदान मनाने त्याचा तिरस्कार करावा. मग संगणकाच्या कळफलकावर चालणारा हात हाही हातच नव्हे काय?

आपल्या धर्मपंडितांनी या प्रश्नाचा विचार शतकांपूर्वीच केला आहे. इमाम मावर्दी (रह.) यांनी 'अल-अहकामुस्सुल्तानिया' या ग्रंथात शासनाने नेमलेला मुहतसिब आणि स्वेच्छेने पुढे येणारा माणूस यांतील भेद एकेक करून सांगितले. दोघांनाही चांगल्याचा उपदेश करता येतो. परंतु मदतनीस नेमणे, शिक्षा करणे हे अधिकार नेमणूक झालेल्याचेच आहेत, कारण त्याला जाब विचारणारा कोणी असतो. इमाम गझाली (रह.) यांनी आणखी एक अट घातली: जे दुष्कृत्य रोखायचे, ते हेरगिरी न करता उघड दिसणारे असले पाहिजे.

गझालींनी 'इह्या'मध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची एक घटना दिली आहे. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आला, तेव्हा खलीफा भिंत चढून आत उतरले. आत तो माणूस खरोखरच पाप करीत होता. त्यांनी त्याला दटावले. तो उत्तरला की, आपल्या हातून एक अपराध झाला हे खरे, पण अमीरुल मोमिनीनकडून तीन झाले: अल्लाहने हेरगिरीस मनाई केली असता त्यांनी हेरगिरी केली; दारातून येण्याची आज्ञा असता ते भिंतीवरून आले; आणि परवानगी व सलाम यांवाचून परक्या घरात शिरले. हजरत उमर (रजि.) यांनी त्याच्याकडून तौबाचे वचन घेतले आणि ते निघून गेले.

विचार करा, बंधूंनो. संशय खरा निघाला होता, संशय घेणारे स्वतः खलीफा होते. तरीही भिंत चढणे योग्य ठरले नाही. मग अर्ध्या रात्री नाव लपवून, एका कुलूपशब्दाचा भेद करून, दुसऱ्याच्या पत्रव्यवहारात उतरणाऱ्याला आपण कोणत्या आधारावर निर्दोष म्हणावे?

अपवाद आणि त्याची सीमा

येथे कोणी विचारील की, घरात बसून पाप करणारा वेगळा आणि माणसे मारण्याचा कट करणारा वेगळा नव्हे काय? हा भेद खरा आहे आणि शरियतने तो ओळखला आहे. मावर्दी (रह.) लिहितात, एखाद्याचा खून होऊ घातला आहे अशी बातमी विश्वासू माणसाकडून मिळाली आणि उशीर केल्यास झालेली हानी भरून येणारच नाही, तर शोध घेणे वैध आहे, इतकेच नव्हे, तर अशा वेळी स्वेच्छेने धावणाऱ्यालाही ते वैध आहे. जीव वाचवण्याचे मोल इतके मोठे आहे.

परंतु या सवलतीच्या अटी पाहा. बातमी विश्वासू असावी, धोका जिवाचा असावा आणि दुसरा मार्ग उरलेला नसावा. आज पोलिसांना कळवण्यास काही क्षण पुरतात. म्हणून जो पुरावा हाती आहे तो अधिकाऱ्यांकडे न देता स्वतःच न्यायाधीश होणाऱ्याला ही सवलत लागू पडत नाही. त्याच हॅकरांतील काही जण 'घोस्ट सिक्युरिटी ग्रुप' या नावाने वेगळे झाले आणि मिळालेली माहिती अमेरिकी अधिकाऱ्यांकडे पोहोचवू लागले. त्यांच्या पद्धतीविषयी प्रश्न उरतातच. पण एकट्याने न्याय उरकता येत नाही, याची जाणीव त्या पावलात दिसते.

शत्रूच्या गोटात शिरण्याचे उदाहरण प्रेषितांच्या जीवनातही आहे. खंदकाच्या युद्धात, हिजरी ५ मध्ये, थंडी-वाऱ्याच्या रात्री माननीय प्रेषितांनी (स.) हजरत हुजैफा (रजि.) यांना शत्रूची बातमी आणण्यास पाठवले आणि बजावले की, त्यांना डिवचू नकोस. हुजैफा (रजि.) छावणीत पोहोचले, तेव्हा शत्रूचा सरदार अबू सुफियान शेकोटीपाशी पाठ शेकत होता. त्यांनी बाण धनुष्याला लावलाही. पण आज्ञा आठवली आणि बाण उतरवला. नेमणूक, ठरलेले काम आणि आज्ञेपुढे आवरलेला हात, या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. स्वयंघोषित योद्ध्यांजवळ धाडस पुष्कळ असते. नसतो तो आवर.

आपल्या न्यायाची परीक्षा

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने बातमीची शहानिशा करण्याचा आदेश दिला, जेणेकरून अजाणतेपणी कोणाला इजा होऊ नये. त्याच सूरहमध्ये बदगुमानी आणि हेरगिरी यांना मनाई केली. सूरह माइदाहमध्ये सांगितले की, एखाद्या समूहाचे वैर आपल्याला अन्यायाकडे ढकलू नये. ही शेवटची आज्ञा पाळणे सर्वांत कठीण आहे.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ नमाजी शहीद झाले आणि मारेकऱ्याने ते दृश्य फेसबुकवरून थेट दाखवले. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. आपल्याविरुद्धचा असा द्वेष पाहून रक्त उसळते. तेव्हा कोण्या अनोळखी माणसाचे नाव, छायाचित्र व पत्ता 'हाच तो द्वेष्टा' म्हणून आपल्या हाती येतो, आणि पुढे पाठवण्यास एक बोट पुरेसे असते. तेच बोट आवरणे, हा आपल्या ईमानचा कस आहे. आपल्या नावावरून कोणी आपल्याला दहशतवादी ठरवले तर आपण न्याय मागतो. तोच न्याय आपण परक्याला दिला पाहिजे.

देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्या देशात आपण कराराने राहतो, त्याचा कायदा पाळणे ही वचनपूर्ती आहे, आणि वचनपूर्ती हे श्रद्धावंताचे लक्षण आहे.

मग आपण काय करावे?

गप्प बसावे, असे मुळीच नव्हे. जे विष उघडपणे मांडलेले आहे, त्याची तक्रार करणे म्हणजे हेरगिरी नव्हे. तो दुष्कृत्याचा वैध प्रतिकार आहे. तक्रार त्या माध्यमाकडे करावी, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करावी, धोका जिवाचा असेल तर थेट पोलिसांकडे जावे. ज्यांना संगणकविद्येची देणगी लाभली आहे, त्यांनी ती विद्या अधिकृत सेवेत, स्वतःच्या नावाने वापरावी. विद्या ही अमानत आहे.

आणि जिभेचा मार्ग विसरू नये. खारिजी लोक बंड करून बाजूला झाले, तेव्हा हजरत इब्ने अब्बास (रजि.) हे हजरत अली (रजि.) यांची परवानगी घेऊन त्यांच्यात गेले, त्यांचे आक्षेप ऐकले, कुरआनच्याच आधारे उत्तरे दिली, आणि मोठ्या संख्येने माणसे परत आली. २०१४ मध्ये जगभरातील शंभराहून अधिक विद्वानांनी दाइशच्या म्होरक्याला खुले पत्र लिहून हेच केले: नावानिशी, पुराव्यानिशी, उघडपणे.

एक खाते बंद पाडले तर दुसरे उघडते. एक मन वळले तर एक घर वाचते. म्हणून मातापित्यांनो, मुलाच्या मोबाइलचे कुलूप चोरून उघडण्यापूर्वी त्याच्या खोलीचे दार वाजवा, सलाम करा आणि त्याच्यापाशी बसा. तो काय वाचतो, कोणाच्या बोलण्याने अस्वस्थ होतो, ते विचारा आणि न रागावता ऐका. उत्तर येत नसेल तर त्याला जाणत्या आलिमांकडे घेऊन या.

हे अल्लाह, आमच्या मुलांना हिंसेच्या हाकेपासून वाचव. आमच्या क्रोधाला न्यायाच्या मर्यादेत ठेव. निरपराधाच्या नावाला आमच्या हातून डाग लागू देऊ नकोस, आणि ज्या दिवशी कान, डोळे व हृदय यांचा हिशेब होईल, त्या दिवशी आम्हाला लज्जित करू नकोस. आमीन.